मस्कतचं पाखरू

"दमलेलां आसता गो तां. कोणाकय तेका दगड मारूक दिव नको. चार दिस खावक गावलां की आपसूक जातलां."

भिकाजी हे बोलला तेव्हा त्याच्या आणि जानकीच्या लग्नाला पुरते चार महिनेही झाले नव्हते. मिठबावच्या खाडीच्या मुखाशी, ओहोटीच्या चिखलात ते पाखरू उभं होतं. अंग पांढरंशुभ्र, पाठीवर काळा पट्टा, लांब निळसर पाय, आणि चोच अशी जाड काळी की पानाच्या तबकातला अडकित्ताच. खेकडा दिसला की चार पावलं धावायचं, उचलायचं, झटकून त्याच्या नांग्या पाडायचं आणि गिळायचं. भाद्रपदात खाडीवर परदेशी पाखरं उतरतात, तुतवार येतात, कुरव येतात, त्यांचं कोणाला नवल नसतं. पण हे गावात कधी कोणी पाहिलं नव्हतं.

भिकाजीने मात्र पाहिलं होतं. तो तारवावरचा खलाशी. मस्कतच्या वाटेवर एकदा तारू फुटलं, तेव्हा तो तीन दिवस एका ओसाड बेटावर पडून होता. "थंय माणूस नाय, झाड नाय. हीच पाखरां, वाळवेत बिळां करून रवतत. मगे थंयच्या मच्छीमारांनी माका उचललो. चार दिस भरवलो. ना नात्याचे, ना गोत्याचे," तो सांगत होता. "फुडल्या वर्सा हें इलां म्हणजे थंयचो वारो हंय फिरलो असां समज. माझां तारू तेच्या मागसून."

मग त्याने हात पुढे केला. जानकीने लाजत त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "मारूक दिवचंय नाय."

पन्नास सालच्या दिवाळीनंतर तो मस्कतला गेला. पुढल्या भाद्रपदात खजूर भरून यायचं ते तारू आलं नाही. बुडालं म्हणावं तर फळकुटही किनाऱ्याला लागलं नाही, आणि आहे म्हणावं तर अकरा माणसांपैकी एकाचीही चिठ्ठी नाही. बाकीच्या घरांनी एकेक करून आपापल्या माणसांची क्रिया उरकली. जानकीने नेम धरला. गणपती गेले की रोज सकाळी तुळशीला पाणी घालायचं, मूठभर तांदूळ घेऊन खाडीवर जायचं, पाखरं बघून यायची, मगच तोंडात पाणी. कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. बारा वर्षं. ते पाखरू काही आलं नाही.

बारा वर्षं झाली की नाहीशा झालेल्या माणसाची क्रिया करतात. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ, त्याला अग्नी द्यायचा आणि तिसऱ्या दिवशी पिंड. त्यांच्या घरची रीत अशी की पिंडाला कावळा शिवला की मग बाईचं कुंकू पुसायचं, त्याच्या आधी नाही.

त्रेसष्टच्या भाद्रपदात धाकटा दीर परशुराम आईपुढे येऊन बसला. थोरला सदा दर्यावर, म्हणून धाकट्याचं लग्न आधीच झालं होतं, आणि आता त्याच्या मुलीला देवगडचं स्थळ आलं होतं. "ते म्हणतत, ज्या घरातलो थोरलो जितो काय मेलो तां ठावक नाय, त्या घरात आमी सोयरीक कशी करूची? आये, आता पुरो. पितृपक्ष लागलोच आसा. करून टाकूया."

काशीबाई सुपारी कातरत होती. तिने जानकीकडे बघितलंही नाही. "करूया."

जानकी उभ्या जन्मात सासूपुढे बोलली नव्हती. त्या दिवशी पदर सावरून हळूच म्हणाली, "आये, एकच मागतंय. पितृपक्ष सरेपर्यंत थांबा. तेंनी सांगलेलां पाखरू इलां, तर आणखी एक वर्स द्या."

परशुराम हसला. "वयनी, पाखरू काय पोस्टमन आसा?"

काशीबाईचा अडकित्ता थांबला. तीच एक होती जिने लेकाच्या तोंडून त्या पाखराची गोष्ट दहादा ऐकली होती. "बरां," ती म्हणाली. "क्रियेची तयारी होतली, दिस ठरतलो. पण त्या आधी तां पाखरू मी माझ्या डोळ्यांनी बघलंय, तर एक वर्स थांबतलंय. देवाक स्मरून सांगतंय. तुझ्या डोळ्यांनी न्हय हां, माझ्या."

दशमीच्या सकाळी ते आलं.

जानकीला आधी खरंच वाटेना. भरती ओसरत होती, आणि तुतवारांच्या गर्दीत ते एकटं उभं होतं. पंख गळाल्यासारखे खाली पडलेले. दमलेलं होतं. त्याने एक खेकडा उचलला, झटकला, तोच अडकित्ता, तोच पाठीवरचा पट्टा. जानकीच्या हातातले तांदूळ तिथेच सांडले. पाखराला खेकडे लागतात, तांदूळ नव्हे, हे बारा वर्षांत पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं आणि तिला हसूच आलं. मग ती धावली. तिशी उलटलेली बाई माडांतून पोरीसारखी धावत घरी आली.

"आये! इलां! चला!"

काशीबाई चुलीशी पेज पीत होती. "पितंय ती पेज तरी संपवूक दी," ती म्हणाली. "पळून जाता काय तां? परशुराम, तू फुडे हो रे. बघ खरां काय तां."

जानकी दाराशी उभी. म्हातारीने पेज संपवली, वाटी विसळली, लुगड्याचा ओचा नीट केला, काठी शोधली. काठी दाराच्या मागे होती, ती तिने आधी परसात शोधली.

खाडीवर पोचल्या तेव्हा परशुराम चिखलातून वर येत होता. पाखरू त्याच्या हातात होतं, पाय धरून उलटं. मान लोंबत होती.

"फाशात गावलां," तो म्हणाला. खेकड्यांच्या बिळांपाशी पाखरं धरायचे त्याचे फासे बाराही महिने लावलेले असायचे. "सोडवूक गेलंय तर टोचूक लागलां. मान मुरगळूची लागली."

जानकी खाली बसली. काशीबाईने काठी टेकत पुढे होऊन पाखरू नीट बघितलं. चोच बघितली, पाठीवरचा पट्टा बघितला. लेकाने सांगितलं होतं ते सगळं जागच्या जागी होतं. तिचे ओठ क्षणभर हलले.

"बघलंय गो," ती म्हणाली. "शब्द दिलेलो, म्हणान बघलंय. पण मेलेलां पाखरू कसली खबर हाडतलां? मेल्याचीच."

आणि ती घरी वळली.

परशुरामाचं मासळी सुकवायचं खळं खाडीच्या काठालाच होतं. खळ्यावर कावळे येऊ नयेत म्हणून एक कावळा मारून बांबूला टांगायचा, ही तिथली सगळ्यांची युक्ती. बाकीचे कावळे मग चार दिवस फिरकत नाहीत. पण पितृपक्षात कावळा मारायचा कसा? त्याच रूपाने पितर दारी येतात. त्या पंधरवड्यात खळेवाल्यांची पंचाईत होते. परशुरामाने यंदा कावळ्याऐवजी ते पाखरू टांगलं. वाऱ्यावर पंख उघडायचे आणि मिटायचे.

"पाप नाय, आणि कामय झालां," तो शेजाऱ्यांना सांगत सुटला.

त्रयोदशीला पळसाचा पुतळा जळला. अमावास्येला पिंड.

खाडीच्या काठी, खळ्यापासून चार माड सोडून, वाळूवर भाताचा पिंड ठेवला. भटजी, भाऊबंद, शेजारी, पाठीमागे बायका. जानकीला पुढे बसवलं होतं. कुंकू त्या दिवशी जरा मोठंच लावलेलं, शेवटचं म्हणून. शेजारच्या यशोदेने तांब्या आणि ओलं फडकं हाताशी ठेवलं होतं.

सगळे दूर सरले. कावळा येईना.

दहा वाजले, ऊन चढलं. पलीकडच्या वडावर वीसेक कावळे बसलेले दिसत होते, ओरडत होते. एकही खाली उतरेना.

"इच्छा राहिली असेल काही," भटजी म्हणाले. "बोला कोणीतरी. वचन द्या."

परशुराम हात जोडून पुढे झाला. "भाई, वयनीक आवशीसारखी सांभाळतलंय." कावळे जागचे हलले नाहीत.

"तो वळाखता आपल्या भावाक," मागून धोंडू तांडेल पुटपुटला. दोघे-तिघे फिसकन हसले.

"तुझी गाय विकूचंय नाय!" एक चुलता ओरडला. "बांधावरचो माड तुझ्या नावान रवतलो!" दुसरा म्हणाला. धोंडू म्हणाला, "बारा वर्सां मस्कतचो खजूर खाल्लो तेणां. तेका आता भात कसलो गोड लागता!" पुन्हा हसणं. बायकांतही कोणी पदर तोंडाला लावला.

बारा वाजत आले. पिंडाच्या वरची शितं वाळून पिवळी पडली. भटजींनाही पुढे दोन घरं होती. "दर्भाचा कावळा करतो," ते म्हणाले. "तो शिववला की झालं. शास्त्रात आहे."

"नाय," काशीबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"पुतळो पळसाचो, कावळो दर्भाचो, मगे मेलो तो तरी खरो कशावरसून? खरो कावळो शिवलो तर कुंकू पुसतंय. नाय शिवलो तर रवांदे तां तिच्या कपाळार. रीत म्हणजे रीत."

परशुरामाचं तोंड उतरलं. जानकीने मान वर केली आणि पहिल्यांदा नीट बघितलं. वडावरचे कावळे पिंडाकडे बघतच नव्हते. सगळ्यांच्या माना खळ्याकडे वळलेल्या. एक उडाला, अर्ध्या वाटेत आला, बांबूवर पांढरे पंख फडफडले तसा काव काव करत मागे फिरला.

तिला कळलं. इतक्या माणसांत तिला एकटीला कळलं.

काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं. बारा वर्षं गप्प बसलेली बाई, तिला आणखी अर्धा तास काय जड! पाखराने राखलं म्हणायचं. तेच आलं होतं ना, त्यांनीच पाठवलेलं? तिने डोळे मिटले आणि देवाचं नाव घ्यायला लागली. पण नाव काही नीट येईना.

काशीबाई तिच्या शेजारी वाळूत बसली होती. पिंडाकडे बघत, कोणाला म्हणून नव्हे, ती म्हणाली, "भूक सोसवायची नाय तेका. ल्हान असताना ताट येवक उशीर झालो तर पाटार बसल्या बसल्या निजायचो."

जानकीने डोळे उघडले. समोर भात वाळत होता. तो जिवंत असला तर कुठेतरी जेवत असेल. आणि नसला तर? नसला तर तो इथे आहे, पाटावर बसलेला, बारा वर्षांचा उपाशी, आणि आपण आपल्या कुंकवासाठी त्याच्या पुढचं ताट अडवून बसलो आहोत. ज्याला परक्यांनी चार दिवस भरवलं, त्याला घरचीने एक घास देऊ नये?

ती उठली. "खंय गो?" कोणीतरी म्हणालं. ती खळ्यात गेली, टाचा उंचावून बांबूवरची दोरी सोडली. पाखरू सुकून हलकं झालं होतं. तिने ते पदरात घेतलं, माडाच्या मुळाशी हातांनी वाळू उकरली, त्यात ठेवलं, वर वाळू लोटली.

"तुमचां पाखरू माका राखूक जमलां नाय," ती वाळूला म्हणाली. "ह्याच्या फुडली राखतलंय. एकाकय फाशात जावक दिवचंय नाय."

ती परत फिरेपर्यंत कावळा खाली उतरला होता. एकाच्या मागे दुसरा, मग पाच-सात. पिंड दिसेनासा झाला.

"सुटलो! सुटलो!" माणसं ओरडली. परशुरामाने तर हात जोडून नाचायचंच बाकी ठेवलं. मग त्याचं लक्ष खळ्याकडे गेलं. "माझां पाखरू खंय गेलां? कावळे आता सगळी मासळी खातले!"

काशीबाई खळ्याकडे बघत राहिली, मग रिकाम्या बांबूकडे, मग सुनेच्या हाताला लागलेल्या वाळूकडे. तिला सगळं उमगायला वेळ लागला नाही.

"ठावक होतां तुका," ती म्हणाली. आवाज चढलाही नाही. "ठावक होतां आणि बसून रवलंस. ह्या टिकलीसाठी माझ्या झिलाक उन्हात उपाशी ठेवलंस."

यशोदेने फडकं पुढे केलं. म्हातारीने ते घेतलं नाही. अंगठा थुंकीत भिजवला आणि जानकीचं कपाळ इतकं घासलं की कातडी लाल झाली, आणि लांबून बघणाऱ्याला कुंकू अजून आहे असंच वाटलं. बांगड्या दगडावर फुटल्या. जानकी रडली नाही. "बघा," बायका म्हणाल्या, "डोळ्यात टिपूस नाय."

दुसऱ्या दिवशी देवगडची माणसं यायची होती. काशीबाईने सांगून ठेवलं, "शुभकार्याक माणसां येतली. तू मागल्या खोपीत रव. कोणाच्या नदरेक पडा नको."

उजाडायला लागलं तेव्हा जानकी उठली. तुळशीला पाणी घालायला हात गेला, तो तिने मागे घेतला. विधवेने पाणी घालावं की नाही हे सासूला विचारायचं राहून गेलं होतं. तिने लांबूनच हात जोडले. घरात परशुराम घोरत होता. खाडीवरचे त्याचे फासे कुठेकुठे आहेत ते बारा वर्षं रोज जाऊन तिला पाठ झाले होते: बिळांपाशी सहा, तिवरांत चार, पुळणीच्या टोकाला दोन.

खोपीच्या वळचणीला गवत कापायचा विळा होता. तिने तो काढला, धार अंगठ्यावर बघितली, पदराखाली धरला. कोणाला तिचं तोंड दिसू नये म्हणून मागच्या दाराने बाहेर पडली, आणि भरती चढायच्या आत फाशांपाशी पोचायचं म्हणून भराभर पावलं टाकत खाडीच्या वाटेला लागली.