कातड्यावर उमटलेलं

“अवो, पोराचा फोन लागंना,” जाईबाईंनी दारातून पुन्हा सांगितलं.

“रिक्षात ऐकू येत नसंल. तू आत बस बघू,” पोपटराव म्हणाले, पण त्यांची नजरही गल्लीच्या तोंडाशीच होती.

प्रितम दुपारी कळंबोलीला गेला होता. गावाकडून ट्रकने आलेलं चपलांचं कातडं उतरवून घ्यायचं आणि रिक्षाने दिघ्याला आणायचं, एवढंच काम. म्हशीचं कातडं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. ‘वास घेऊन बघा, रेक्झिनला हा येतो का,’ असं पोपटराव गिऱ्हाइकांना आयुष्यभर ऐटीत सांगत आले. आता त्याच वासाची धास्ती. गेल्या आठवड्यात शेजारच्या शिवतेजला असाच माल नेताना काही जणांनी गाईचं कातडं म्हणून रस्त्यात अडवलं. म्हशीचं आहे, म्हशीचं आहे, म्हणून तो सांगत राहिला. त्याचा हात अजून गळ्यात बांधलेला होता.

पोपटराव चपलेचा भिजवलेला तळ रापीने कापायला बसले होते. गल्लीत रिक्षा आली की रापी थांबायची. रिक्षा पुढे निघून जायची.

दिवेलागणीला प्रितम आला, गुंडाळी छातीशी धरून.

“फोन कुठं मेला तुझा?” जाईबाई ओरडल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

“चार्जिंग संपली ना, आई. काय टेन्शन घेता तुमी लोक! आरामात आलो. रिक्षावाल्याने गाणी लावलेली मस्त.”

“कुनी इचारलं काय?”

“कोण विचारतंय, बाबा? नाय कुणी.”

पोपटरावांनी गुंडाळी उलगडली. या कातड्यावर रंगाचा थर नसतो, त्यामुळे ते काही झाकत नाही. जनावराच्या अंगावरचा काट्याचा ओरखडाही दिसतो आणि माणसाच्या हाताचा घामही मुरतो. दोन्ही कडांना प्रितमचे पंजे उमटले होते. गर्द, बोट न् बोट, आवळून धरलेलं.

त्यांनी त्या कडा आत दुमडून ठेवल्या.

प्रितम तोवर वडिलांच्या कापायच्या पाटाशी वाकला होता. “हे काय, बाबा?”

ओल्या तळावर रापी तशीच पडून राहिली होती आणि तिच्याखाली काळाशार डाग धरला होता. ओल्या कातड्यावर लोखंड ठेवायचं नाही, हे प्रितमला पोपटरावांनीच सगळ्यात आधी शिकवलं होतं.

“चष्मा नव्हता,” ते म्हणाले.

चष्मा नाकावरच होता. प्रितमने रापी उचलली, पुसली आणि वडिलांच्या हातात दिली.

“पुढच्या खेपेला मी येतो संगं,” पोपटराव म्हणाले.

एरवी तो हसून नको म्हणाला असता.

“या,” प्रितम म्हणाला.