क्षणभर उशिरा मिटणारं दार

मुलांनो, एक कल्पना करा. डोळे मिटा म्हटलं असतं, पण मग वाचणार कोण? तेव्हा डोळे उघडेच ठेवा आणि मनात एक खोली बघा. तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढी. तिला दोन दारं. एक छताला, एक जमिनीला. छतावर पांढऱ्या पातळ साबणाची पिशवी लटकते आहे आणि जमिनीखाली आहे तुमचा तळहात. या खोलीचा नियम एकच, दोन्ही दारं एका वेळी उघडी ठेवायची नाहीत. ठेवली, तर सगळी पिशवी तुमच्या पायांवर!

आता तळहाताने ती खोली खालून वर दाबा. खोली आक्रसते, वरचं दार घट्ट मिटतं, खालचं उघडतं आणि हातावर साबणाचा छोटासा गोळा पडतो. हात काढा. आतली स्प्रिंग खोलीला पुन्हा खाली ढकलते, खोली फुगते, खालचं दार मिटतं, वरचं उघडतं आणि पिशवीतला साबण खोलीत उतरतो. झालं. भिंतीवरच्या साबणाच्या डब्याची झडप म्हणतात ती हीच. दिवसातून किती वेळा आपण तिला ढकलतो, पण तिच्याकडे बघतो का कधी?

भिंगरी बघायची. दहा वर्षांची ही मुलगी एका जागी म्हणून टिकायची नाही, म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. पण झडप हातात दिली की तासभर गप्प. कारण तिची आई झडपाच करायची. अकरा वर्षं तिने कारखान्यात दुसऱ्यांच्या झडपांची चित्रं काढली होती. या वर्षी पहिल्यांदा तिने स्वतःच्या डोक्यातून एक झडप काढली.

जुन्या झडपेची खोड तुम्हालाही ठाऊक असेल. हात काढला तरी तोंडाशी एक थेंब लोंबत राहतो. मग तो पडतो. दिवसभरात असे शंभर थेंब पडले की बेसिन बुळबुळीत, फरशी बुळबुळीत आणि एखादा माणूस धपकन खाली. आईने काय केलं? खालचं दार मुद्दाम क्षणभर उशिरा मिटेल असं केलं. खोली फुगायला लागते, दार अजून किलकिलं असतं आणि त्या फटीतून लोंबणारा थेंब सुळकन आत ओढला जातो. मग दार मिटतं. घरी जेवताना आईने हे ताटातल्या वाट्या सरकवून दाखवलं होतं आणि भिंगरीने तोंडात बोट घातलं होतं.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून भिंगरी आईबरोबर कारखान्यात आली होती. दिवस मोठा आनंदाचा होता. आईच्या झडपेचे पहिले चाळीस डबे त्याच सकाळी मोठ्या इस्पितळात बसले होते, तेही नवजात बाळांच्या विभागात. डबे बसवून फिटरकाका नुकतेच परतले होते आणि सगळ्यांना सांगत सुटले होते, "ताईंच्या झडपेखाली मी पांढरा रुमाल अंथरला. दहा मिनिटांनी उचलला तर रुमाल कोराच्या कोरा! सिस्टर म्हणाल्या, आता आमची फरशी पुसणाऱ्या मावशी तुम्हाला आशीर्वाद देतील."

आई लाजली. "पुरे हो काका. चढवू नका झाडावर."

"मी कुठे चढवतोय? तुम्ही आधीच वर आहात. मी खाली शिडी धरून उभा आहे, एवढंच."

भिंगरी आईच्या टेबलाशी चित्र रंगवत होती. तिची शाईची दौत कलंडली आणि दोन्ही तळहात निळे झाले. ती आईच्या खोलीतल्या बेसिनकडे धावली. तिथे भिंतीवर नमुन्याचा डबा लावलेला होता. त्याची झडप काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची होती, आत काय चालतं ते दिसावं म्हणून. भिंगरीने हात ओले केले, निळं पाणी तळहातात साचलं, तिने तसाच हात झडपेखाली नेऊन दाबला, साबण घेतला, हात चोळले, धुतले. पांढरे स्वच्छ. पुन्हा चित्राकडे.

थोड्या वेळाने आई चहाला म्हणून उठली. बेसिनशी गेली, झडप दाबली आणि हात पुढे घेऊन बघतच राहिली.

तळहातावर पांढरा साबण होता आणि त्या पांढऱ्यात एक निळा दोरा.

"भिंगरे, साबणात शाई घातलीस का गं?"

"नाही! मी फक्त हात धुतले."

"मग तोंडाला लागली असेल." आई हसली. तिने ओल्या फडक्याने झडपेचं तोंड लख्ख पुसलं आणि पुन्हा दाबलं. निळा दोरा. जरा फिका, पण होता. तिने तिसऱ्यांदा दाबलं. चौथ्यांदा. पाचव्यांदाही साबणाला आभाळी झाक होतीच.

आता आई हसत नव्हती. तिने डबा उघडला, झडप सोडवली आणि खिडकीशी उजेडात धरली. भिंगरी टाचा उंचावून बघू लागली. त्या इवल्याशा खोलीत, आतल्या कोपऱ्यात, स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये निळी शाई बसली होती. बाहेर नाही. आत.

"ही आत कशी गेली?" भिंगरीने विचारलं.

तिचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला होता. ती खूप हळू म्हणाली, "मीच नेली. दार उशिरा मिटतं ना. थेंब आत ओढायला ठेवलंय. पण थेंबाखाली हात असतो. हातावर पाणी असतं. दार काय ओळखणार, साबणाचा थेंब कुठला आणि हातावरचं पाणी कुठलं?"

शाई दिसली, म्हणून कळलं. जे दिसत नाही, ते? रोग्याच्या हातावरचं, आजारी माणसाने नाक पुसलेल्या हातावरचं?

"म्हणजे एकाच्या हातावरची घाण..." तिला वाक्य पुरं करवेना.

"पुढच्याच्या हातावर." आईने केलं. मग ती एकदम खुर्चीत बसली.

फिटरकाका चहाचा कप घेऊन आत आले, दोघींकडे बघून दारातच थबकले. आईने झडप त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती फिरवून पाहिली आणि कप कलता होऊन चहा फरशीवर सांडला, ते त्यांना कळलंही नाही.

"पण आपण दोन लाख वेळा दाबून बघितली होती ही," ते पुटपुटले. "दोन लाख, ताई! यंत्र महिनाभर दाबत होतं."

ते खरं होतं. चाचणीच्या खोलीत एक यंत्र होतं, त्याला रबराचं बोट होतं आणि ते रात्रंदिवस झडप दाबत होतं. माणसंही दाबून बघत. पण त्या खोलीच्या दारावर पाटी होती, 'हात स्वच्छ धुऊनच आत या'. शिस्तीचा कारखाना. चपला बाहेर, डोक्याला टोपी, हात धुतलेले. चाचणीच्या सहा महिन्यांत त्या झडपेला मळका हात म्हणून एकदाही लागला नव्हता!

कारखान्याचे साहेब धावत आले. त्यांचा आधी विश्वासच बसला नाही.

"मॅडम, तुम्ही घाबरवताय मला. हाताला शाई फासून साबण कोण वापरतं? पोरीने खेळ केला, त्यावरून एवढा गहजब? आपली झडप स्वच्छ हातांवर शंभर टक्के चालते."

"पण काका," भिंगरी म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं, म्हणून तिने विचारलं, "हात स्वच्छ असले तर साबण कशाला लागेल?"

फिटरकाकांनी कपाळावर हात मारला. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सगळा कारखाना साबणाचे डबे करतो आणि घाण हाताची आठवण एकालाही झाली नाही!"

साहेब सावरले. "ठीक आहे. चूक आहे. पण आज सकाळीच बसवलेत डबे. संध्याकाळी परत काढायचे? लोक हसतील. निदान उद्यापर्यंत नीट तपासून बघू, मग..."

"उद्यापर्यंत ती बाळं तिथेच आहेत," आई म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "चार-चार दिवसांची बाळं. अजून मूठसुद्धा उघडत नाहीत. झडप माझी आहे, साहेब. फोन मीच करते. चूक माझी म्हणून सांगते."

"मॅडम, तुमचं नाव खराब होईल. पुन्हा कोणी तुम्हाला झडप करू देणार नाही."

आई तोवर नंबर फिरवत होती. अकरा वर्षांची वाट त्या एका फोनने पुसली जाणार, हे भिंगरीलाही समजत होतं. तिने आईचा पदर मुठीत घट्ट धरला. फोन ठेव म्हणावं की कर म्हणावं, तेच तिला कळेना.

अर्ध्या तासात कारखान्याची गाडी इस्पितळाच्या दारात होती. घरी कोणी नव्हतं, म्हणून भिंगरीही बरोबर आली. फिटरकाकांच्या हातात पान्यांची पेटी. सकाळी शीळ घालत आलेले काका आता मान वर करत नव्हते.

बाळांच्या विभागाबाहेर हात धुवायची लांबलचक जागा होती. ओळीने नळ, ओळीने नवे कोरे डबे, खाली कोरडी ठणठणीत फरशी. मोठ्या सिस्टर तिथे वाटच बघत होत्या. फोनवर ऐकलेलं त्यांना अजून पचलं नव्हतं.

"सकाळपासून किती जणांनी हात धुतले असतील?" आईने विचारलं.

"दीडशे तरी." सिस्टरांनी स्वतःच्या हातांकडे असं बघितलं, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत. "मीच बारा-पंधरा वेळा. आणि लगेच आत जाऊन बाळांना उचललं. अहो, मी सगळ्यांना ओरडून सांगत होते, साबण लावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही म्हणून!"

काचेपलीकडे डॉक्टर एकेका पाळण्यापाशी थांबून बाळांना तपासत होते. अजून कुणाला काही झालेलं नव्हतं. होणार नाही, असंही कोणी सांगू शकत नव्हतं. भिंगरीला काचेतून एक इवलासा पाय दिसला, तिच्या बोटापेक्षा जरासाच मोठा.

काकांनी पान्याने पहिला डबा उतरवला. दुसरा. तिसरा. आई प्रत्येक झडप मोजून पिशवीत टाकत होती, एकही मागे राहू नये म्हणून. एकेक टाकताना तिचे ओठ हलत होते.

शेवटचे डबे उतरत असताना दाराशी गलबला झाला. बाळांना दूध पाजायची वेळ झाली होती. आया, एक-दोन आज्या, नुकतेच बाप झालेले बावरलेले पुरुष, सगळे रांगेत उभे. आणि भिंतीवर नुसती भोकं.

"हात कशाने धुवायचे?" पुढच्या बाईने विचारलं. "माझं बाळ रडतंय."

"जुने डबे?" आईने सिस्टरांना विचारलं.

"सकाळीच गोदामात धाडले. गोदाम शहराच्या त्या टोकाला." सिस्टर हातरुमालाने कपाळ पुसत होत्या. "साबणाचा कॅन आहे मागे, पाच लिटरचा. पण त्यात काय सगळ्यांनी हात बुडवायचे?"

आतून बाळाचं रडणं वाढलं.

भिंगरीने आईचा पदर सोडला. सिस्टरांकडून एक उकळलेलं भांडं आणि लांब दांड्याचा चमचा मागून घेतला. कॅनमधल्या साबणाने कोपरापर्यंत स्वतःचे हात धुतले. काकांनी कॅन कलता केला आणि भांडं भरून घेतलं. मग ती बेसिनशेजारच्या स्टुलावर चढून उभी राहिली.

पहिल्या बाईने ओंजळ पुढे केली. भिंगरीने चमचा खाली नेला आणि त्याची कड बाईच्या बोटाला टेकली. तिने चमचा झटकन मागे घेतला, त्यातला साबण बेसिनमध्ये ओतून टाकला, सिस्टरांकडे दुसरा चमचा मागितला. तो भरला. या वेळी हात लांब करून तिने तो ओंजळीच्या वीतभर वर धरला, कुठेही न टेकवता, आणि हळूच कलता केला. साबणाची पांढरी धार हवेतून सरळ तळहातावर उतरली.

पिशवीत झडप टाकता टाकता आईचा हात थांबला. ती त्या वीतभर मोकळ्या जागेकडे बघत राहिली. ती ओलांडून हातावरचं काही वर जाऊच शकत नव्हतं.

"पुढचे," भिंगरी म्हणाली आणि तिने चमचा पुन्हा भरला.