खोडलेली खाट

आमच्या ऑफिसात वकील दोन, आणि दोघंही मूळचे वकील नव्हेत. मी आधी आर्किटेक्टकडे नकाशे काढायचे. माझा भागीदार पालिकेच्या नगररचना खात्यात तेच नकाशे तपासायचा. दोन इमारतींमध्ये किती जागा सोडली हे मोजण्यात त्याची पंधरा वर्षं गेली, म्हणून सगळे त्याला मार्जिनराव म्हणतात. पुढे दोघांनी नोकऱ्या सांभाळून कायद्याची परीक्षा दिली आणि बांधकामाचे खटले घ्यायला लागलो. आमच्यापुढे इतर वकिलांची डाळ शिजत नसे. समोरचा वकील नकाशा उलटा धरायचा आणि मी भर कोर्टात उठून तो सुलटा करून द्यायचे, इतका माज होता मला.

तर हा खटला एका चष्मेवाल्याने आमच्या बिल्डरवर भरलेला होता. चष्मेवाल्याची म्हातारी आई घरातल्या लहान खोलीत झोपायची. त्या खोलीला खिडकी नव्हती. न्हाणीघराचा झरोका मात्र त्याच खोलीत उघडत होता. एका सकाळी न्हाणीघरातल्या गॅसच्या गीझरचा विषारी वायू झरोक्यातून आत भरला आणि म्हातारी गेली.

आमचा बचाव सरळ होता. मंजूर नकाशात त्या खोलीवर 'स्टोअर' लिहिलेलं होतं. स्टोअरला खिडकी लागत नाही, आणि न्हाणीघराचा झरोका स्टोअरमध्ये उघडला तर नियमाची हरकत नाही. सामान ठेवायच्या जागी माणूस झोपवला, तो कुटुंबाने. म्हणजे दोष मुलाचा.

"केस खिशात आहे," मार्जिनराव म्हणाला.

"खिसा तपासून घे, भोक असेल," मी म्हणाले, आणि आम्ही हसलो. ते हसणं आठवलं की आता मला स्वतःची किळस येते.

उलटतपासणीच्या दिवशी चष्मेवाला पिंजऱ्यात उभा राहिला. पन्नाशीचा, खांदे पडलेला माणूस. हातात चष्मा पुसायचं फडकं होतं आणि ते तो सारखं घडी करत होता.

मी विचारलं, "तुम्ही आईला स्टोअररूममध्ये का झोपवलंत?"

"खाट तिथे बसली म्हणून," तो म्हणाला.

"बसली म्हणजे?"

"अगदी बरोबर बसली. भिंत तिथे थोडी आत गेलीय. खाट सरकवली आणि दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरली. आणि दिव्याचं बटण खाली होतं, उशीपाशी. तिला उठायला त्रास व्हायचा. आई म्हणाली, ही खोली माझ्यासाठीच केलीय रे."

माझा पुढचा प्रश्न कागदावर तयार होता. तो मला वाचता येईना. न्यायाधीश चष्म्यावरून बघायला लागले.

चष्मेवाला मात्र न विचारता बोलत राहिला. "त्या सकाळी आंघोळीला मीच गेलो होतो. गीझर मीच लावला. चांगला अर्धा तास लावला, थंडी होती. माझंही डोकं जड झालं होतं, थंडीचं वाटलं. बाहेर आलो तर तिच्या दाराखालून उजेड दिसत होता. म्हटलं, जागी आहे, बरी आहे. मी चहा टाकला. तुम्ही म्हणता ते खरंच आहे, बाई. मीच ठेवलं तिला तिथे. मीच मारलं."

मी पुढची तारीख मागून घेतली.

बाहेर आल्यावर मार्जिनराव खूश होता. "स्वतःच कबूल झाला की! तू कशाला थांबलीस?"

"बटण," मी म्हणाले. "स्टोअररूमचं बटण इतकं खाली कोण लावतं?"

तो पावसाळी नाल्यावरच्या जाळीकडे बघत राहिला.

फाइलमध्ये आमच्याकडे नकाशाची छापील प्रत होती. त्यावर अक्षरं साच्यातली, सगळ्यांची सारखी, आणि सही माझ्या त्या वेळच्या आर्किटेक्ट सरांची. मंजुरीच्या शिक्क्याखालची सही छपाईत पुसट झालेली. सरांच्या सहीचे नकाशे मी दोन वर्षांत शेकड्यांनी काढले होते, इमारतींची नावंही नंतर बदलत. म्हणून फाइल हातात आली तेव्हा काही खटकलं नव्हतं, म्हणजे मी खटकू दिलं नव्हतं. पण मूळ ट्रेसिंग, म्हणजे हाताने शाईत नकाशा काढलेला अर्धपारदर्शक कागद, पालिकेच्या दप्तरखान्यात असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथे गेले.

दप्तरखान्यातल्या बाईंनी गुंडाळी आणून दिली. "खिडकीपाशी बघा, इथला दिवा गेलाय," त्या म्हणाल्या.

ट्रेसिंगवर शाईने काढलेलं रबराने जात नाही. दाढीच्या ब्लेडने हलक्या हाताने खरवडावं लागतं. छापील प्रतीत ते दिसत नाही, पण कागद तिथे कायमचा पातळ होतो. मी कागद खिडकीच्या काचेवर धरला. 'स्टोअर' या अक्षरांच्या मागे एक लांबट चौकोन उजळला, आणि त्याच्या एका टोकाला छोटा चौकोन. खाट आणि उशी. ऊन त्यातून जास्त येत होतं, जसं कोणी आत दिवा लावला असावा.

ती खाट माझी होती.

सव्वीस वर्षांपूर्वी ती खोली झोपायची खोली होती. माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. घरी मी तिच्या खाटेची लांबी-रुंदी टेपने मोजली, पडल्यापडल्या तिचा हात कुठवर पोचतो तेही मोजलं, आणि नकाशात भिंत तेवढीच आत घेऊन, तेवढ्याच उंचीवर बटण दाखवलं. मग बिल्डरने इमारत रुंद केली, खोलीची बाहेरची भिंत आतली झाली, खिडकी गेली. सर नकाशावर वाकून म्हणाले, "खोली राहू दे. नाव बदल. खाट खोड आणि स्टोअर लिही." सगळेच असं करायचे. मी ब्लेड घेतलं. खर्र, खर्र. दहा मिनिटांचं काम.

बटण मी तसंच ठेवलं होतं. आणि त्या बटणाभोवती पेन्सिलीचा बारीक गोल होता. तपासणाऱ्याचा गोल. शेजारी प्रश्न काहीच नाही. खाली मंजुरीचा शिक्का, आणि शिक्क्याखाली मार्जिनरावची सही.

तो आवाज तेव्हापासून माझ्या मागे लागला. ऑफिसात कोणी खुर्ची सरकवली की खर्र. घरी नवरा टोस्टला लोणी लावतो त्याचीसुद्धा धास्ती बसली. माझ्या आईची खाट जिथे होती तिथे आता कपाट आहे. त्या कपाटाखाली उजेड नाही ना, हे मी भर दुपारी वाकून बघितलं. एकदा नाही, तीनदा. 

मी मार्जिनरावसमोर कागदाचा फोटो ठेवला. त्याने बराच वेळ पाहिला.

"गोल मी केला होता," तो म्हणाला. "स्टोअरला बटण उशापाशी का, हे विचारणार होतो. मग पुढचा नकाशा घेतला. ढीग होता टेबलावर."

"तुला कधीपासून आठवतंय?"

"त्या दिवशी तू बटण म्हणालीस तेव्हापासून." त्याने तोंडावरून हात फिरवला. "हे बघ, वकीलपत्र सोड. तब्येतीचं कारण दे. कोणाला काही सांगायची गरज नाही. नियमाविरुद्ध आपण काहीच केलेलं नाही."

"तो माणूस आयुष्यभर म्हणत राहील, मी मारलं."

"आणि आपण सांगितलं तर आपण म्हणत राहू."

"आपण म्हणायलाच हवं ना रे."

तो उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. मग म्हणाला, "ठीक आहे. माझंही नाव घाल. नुसतं तुझं घातलंस तर अर्धवट नकाशा होईल."

बिल्डरला मी फोन केला. त्याने जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढच्या तारखेला मी न्यायाधीशांना सांगितलं की मी या खटल्यात वकील राहू शकत नाही, कारण मी साक्षीदार आहे. नकाशा माझ्या हातचा आहे, खोली झोपण्यासाठी आखली होती, खाट मी खोडली, आणि मूळ कागद पालिकेत आहे, तो मागवावा.  न्यायाधीशांनी लिहून घेतलं आणि मला नंतर रीतसर जबाबासाठी बोलावतील असं सांगितलं.

आत सगळं ऐकून चष्मेवाला बाहेरच्या बाकावर येऊन बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. वकिलाने असं जाऊ नये, पण मी आता त्याच्या खटल्यातली वकील नव्हतेच.

"तुमची आई बरोबर म्हणाली होती," मी म्हणाले. "ती खोली खाटेसाठीच होती. तुम्ही चुकीच्या जागी ठेवलं नाहीत तिला. चुकीची जागा आम्ही केली."

त्याने फडकं उलगडलं, चष्मा काढून पुसला, परत घातला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं मला वाटलं होतं. तो विचार करत होता. मापं घेणारा माणूस, तो सगळं नीट जुळवून बघत होता.

"दिवा तिने लावला," तो हळूच म्हणाला. "गुदमरायला लागलं असेल. हात पोचला म्हणून लागला. मला वाटलं, बरी आहे." मग त्याने मान वर केली. "खाट खोडलीत तुम्ही. बटण का नाही खोडलंत?"

ब्लेड बोथट झालं होतं, असं मी सांगू शकले असते. घाईत राहून गेलं, असंही. वकिलीत मी याहून वाईट उत्तरं खपवली आहेत.

"कारण तिथे कोणीतरी झोपणार, हे मला माहीत होतं," मी म्हणाले.