कापडी टपाची घडी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला झापत होतो. त्याने आपल्या उघड्या गाडीचा कापडी टप ओला असतानाच मिटून ठेवला होता आणि आता त्यावर बुरशीचे काळे ठिपके आले होते. "ओलं कापड मिटायचं नसतं, एवढं साधं कळत नाही?" मी विचारत होतो. गाड्यांच्या सीटा आणि टप शिवण्यात माझी तीस वर्षं गेली आहेत. हे वाक्य मी झोपेतही म्हणू शकेन.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "ह्यांना गाडीत बसायचंय. टप काढून. डॉक्टर म्हणाले, आता त्यांना जे हवं ते करू द्या. तुम्ही याल?"

मी मशीनपुढच्या स्टुलावर बसलो. दादाशी मी सहा वर्षं बोललो नव्हतो. तो आजारी असल्याचं मला लोकांकडून कळलं होतं, पण इतका आजारी आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक अजून उभंच होतं. त्याला म्हटलं, टप ठेवून जा, आणि शटर ओढलं.

ती गाडी म्हणजे दादाचा जीव. बुटकी, हिरवी, दोनच सीटांची, आणि तिला टप मात्र दोन. थंडीसाठी फायबरचा कडक टप. उन्हाळा आला की तो काढून ठेवायचा. सीटांमागच्या खोबणीत मीच शिवून दिलेला कापडी टप मिटलेला असतो, तो पाऊस आला तर वर ओढायचा. कडक टप एकट्याला उचलवत नाही. वजन तसं फार नाही, पण आकार मोठा, एका बाजूला कलला की डिकीवर ओरखडा ठरलेला. म्हणून वर्षातून दोनदा दादाचा फोन यायचा. "बारक्या, टप." एवढंच बोलून ठेवायचा. मग तो डावीकडे, मी उजवीकडे आणि वहिनी समोर उभी राहून "सावकाश, सावकाश" करणार. नंतर जेवण. मी त्या दोन जेवणांची वर्षभर वाट बघायचो, हे मी त्याला कधी बोललो नाही.

शेवटचा फोन आला तो सहा वर्षांपूर्वी, थंडीच्या तोंडाशी. दादाने सकाळी गाडी धुतली होती, कापडी टपासकट. कडक टप बसवायचा तर आधी कापडी मिटावा लागतो, आणि मिटण्याआधी तो वाळावा लागतो. मला संध्याकाळची मॅच बघायची होती. दादा हात धुवायला आत गेला तेवढ्यात मी कापडावरून हात फिरवला. वरून कोरडं होतं. शिवणी गार लागल्या. शिवण गार लागली म्हणजे आत ओल आहे, हे मला नाही कळणार तर कोणाला? तरी मी मागच्या प्लास्टिकच्या खिडकीची चेन उघडली, तिला चुरगळ पडू नये म्हणून वर टॉवेल घातला आणि टप मिटला.

"वाळला ना नीट?" दादाने येऊन विचारलं.

"खडखडीत," मी म्हणालो.

त्याने हात लावूनसुद्धा बघितलं नाही. माझा धंदाच तो, मी सांगितलं म्हणजे झालं. आम्ही कडक टप बसवला, चारही खटके दाबले, आणि मला मॅच पहिल्यापासून बघायला मिळाली.

पुढच्या उन्हाळ्यात फोन आला नाही. मधे आत्याकडे सगळे जमलो असताना मी दादाची टर उडवली होती, की हा इतकी पळणारी गाडी अशी चालवतो की मागून सायकलवाले घंटी वाजवतात. सगळे हसले, तो हसला नव्हता. मला वाटलं, तेच मनाला लावून घेतलंय. बसू दे रुसून, मी म्हटलं. गाडी त्याची, फोन त्याने करायचा. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी आपणहून जायची लाज वाटायला लागली. त्या ओल्या घडीची आठवण अधूनमधून यायची, पण कडक टप निघालाच नाही तर ती बघणार कोण, असं म्हणून मी ती झटकून टाकायचो.

दादा गॅरेजमध्ये खुर्चीवर बसला होता. अंगावर दोन स्वेटर, तरी निम्मा दिसत होता.

"आलास," तो म्हणाला.

"आलो."

त्याने गाडीकडे बघितलं. मग तो म्हणाला, "बारक्या, मागच्या वेळी घडी तू घातली होतीस. वाळला होता ना रे तेव्हा?"

वहिनी खटके सोडवत होती, तिचा हात थांबला. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. तेव्हा सांगता आलं असतं. आजारी माणसाला कशाला त्रास, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर माझी हिंमत झाली नाही.

"खडखडीत," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. "उचला."

त्याच्या बाजूला वहिनी उभी राहिली. आम्ही टप उचलून दोन स्टुलांवर, घोंगडीवर ठेवला. आता काळं, कुजलेलं कापड दिसणार म्हणून मी मनाची तयारी करून खोबणीत डोकावलो.

कापड स्वच्छ होतं. घडीत टॉवेल होता, पण मी घातलेला पांढरा नव्हता, निळा होता. खिडकीचं प्लास्टिक नवं होतं आणि तिच्याभोवती हाताची शिवण होती. जाड दोरा, वाकडेतिकडे टाके, कोपऱ्यांत तर दोनदोनदा घातलेले. आमच्या धंद्यातला कोणी असं शिवणार नाही. दादाने जन्मात शर्टाचं बटण लावलं नव्हतं.

"त्याच थंडीत गाडीत कुबट वास यायला लागला," वहिनी हळूच म्हणाली. "शेजारच्या पोस्टमनना घेऊन टप काढला ह्यांनी. कापड काळं पडलेलं, खिडकी चिकटून तडकलेली. दोन महिने एकेक ठिपका घासत बसले होते. मी म्हटलं, भाऊजींकडे द्या, एका दिवसात करतील. तर म्हणे, नको, त्याने येऊन सांगू दे. मग कडक टप परत बसवला, तो आजपर्यंत काढला नाही. म्हणे, बारक्या आल्याशिवाय नाही."

"पुरे," दादा म्हणाला. "गाडीत बसवा मला."

मी गाडी काढली. बेकरीवरून, शाळेवरून, पाण्याच्या टाकीच्या चढाला लागलो. दादाने डोकं मागे टेकलं होतं, तोंड आभाळाकडे. वाऱ्याने त्याचे उरलेसुरले केस उडत होते. मी सायकलवाल्यांपेक्षाही हळू चालवत होतो.

टाकीपाशी भुरभुर सुरू झाली. मी गाडी कडेला घेतली, कापडी टप वर ओढला, पुढचे दोन खटके लावले, खिडकीची चेन लावली. कापडावर थेंबांचा आवाज यायला लागला. आत एक थेंब आला नाही.

"दादा, शिवणी ओल्या होत्या," मी म्हणालो. "मला कळलं होतं. मॅच बघायची होती."

त्याने मान माझ्याकडे वळवली.

"कोण जिंकलं?"

"आठवत नाही."

"मघाशी परत खोटं बोललास."

"हो."

"मला राग आहे तुझा. अजून आहे."

"असू दे."

"आणि मी कोण मोठा शहाणा," तो म्हणाला. "एक फोन केला असता. सहा उन्हाळे डोक्यावर झाकण ठेवून फिरलो."

मला रडू आवरेना. तो माझ्याकडे न बघता मागे वळला आणि खिडकीच्या कोपऱ्यातल्या टाक्यांवर बोट ठेवून म्हणाला, "हा कोपरा कसा आलाय? खरं सांग."

"भिकार," मी म्हणालो. "पण गळत नाही."

तो हसला आणि मग खोकत राहिला. परत आलो तेव्हा टप चिंब होता. "आज घडी नको," दादा म्हणाला. मीही नकोच म्हटलं. आम्ही गाडी तशीच, टप वर ठेवून, गॅरेजमध्ये उभी केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादा गेला.

त्यानंतर पाचव्या दिवशी आलेली माणसं पांगली आणि घर रिकामं झालं. भुरभुर मात्र थांबली नव्हती. मी गॅरेजमध्ये गेलो, पाठोपाठ वहिनी आली. "कडक टप बसवायचा का, भाऊजी?" ती म्हणाली. "थंडी आहे अजून. एका बाजूने मी धरते."

मी पालथ्या हाताने एकेक शिवण बघितली. वरची, कडेची, खिडकीभोवतीची. माझ्या मशीनच्या शिवणी वाळल्या होत्या. शेवटी दादाच्या कोपऱ्याला हात लावला, जिथे त्याने तो जाड दोरा दोनदोनदा घातला होता. तिथे हाताला गार लागलं.

"वाळला का?" वहिनीने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "दादाच्या कोपऱ्यात ओल आहे अजून. मी उद्या येतो."