चोपड्याच्या कपेलातली शिडी

माझी चौथी पायरी मधोमध चार मिलिमीटर झिजली आहे. बाकीच्या पायऱ्या दोनच. दारावरची दिव्यांची माळ बांधायला चौथ्या पायरीवरच उभं राहावं लागतं, म्हणून हा फरक.

मी एक जुनी शिडी आहे, मित्रांनो. तेहेतीस वर्षांपूर्वी मधुकर मेस्तांनी मला किंदळाच्या लाकडातून घडवलं. चोपडे गावातलं कपेल, म्हणजे लहान चर्च, हे माझं घर. दर वर्षी कपेलाचा सण, फेस्त, जवळ आला, की वाड्यावरची तरुण मुलं मला बाहेर काढत. एक जण वर, दोघं धरायला आणि चार जण नुसते ओरडायला. "अरे डावीकडे! तुझी डावी, माझी नव्हे!" काम झालं की शाबासकी आणि एकेक पॅटिस मिळे. मग मोठ्यांची समिती आत बैठकीला बसे. मुलं बाहेर.

चार वर्षांपूर्वी सतरा वर्षांची रोवेना समितीचे अध्यक्ष इनासबाब यांना म्हणाली, "एकदा फेस्त आम्हाला ठरवू द्या."

"पुढल्या वर्षी बघू," ते म्हणाले. पुढल्या वर्षीही तेच म्हणाले.

मुलं कमी होत गेली. मीही मागच्या खोलीत पडून राहू लागले. तळाशी वाळवी लागली, तेवढा भाग कापावा लागला आणि मी वीतभर बुटकी झाले. मित्रांनो, वापरातल्या लाकडाकडे कुणाचं तरी लक्ष असतं. अडगळीतल्या लाकडाचं दुखणं उशिरा कळतं. तुमच्या घरी शिडी असेल, तर तिला अधूनमधून उन्हात काढा.

यंदा माळा लावायला एकटी रोवेना आली. धरायला कुणीच नव्हतं, म्हणून एकाहत्तर वर्षांचे इनासबाब पुढे झाले.

"घट्ट धरा हं बाब. पडले तर चपलांसकट तुमच्यावर."

"बाकीची कुठे गेली?"

"मैदानावर. म्हणतात, चढायला बोलावतात, मत विचारायला नाही. मीसुद्धा यंदा शेवटचीच. पुढल्या वर्षी वायरमनला सांगा."

इनासबाबांनी माझे दांडे आणखी घट्ट धरले.

"ठरवायला दिलं तर काय करशील?"

"आधी आजाऱ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करू. गाणी आमची मुलं बसवतील, वाजवतील."

"आणि चुकलं तर?"

"चुकेल. एका फेस्ताला तुम्ही पाद्रींनाच बोलवायला विसरला होता ना?"

"हे तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्या चोपड्याला ठाऊक आहे, बाब!"

इनासबाब हसले, मग पुन्हा गंभीर झाले. तेवढ्यात समितीतल्या फिलोमिनाबाय दारात आल्या. त्यांच्या मागे बाकीचे सभासद.

"इनासबाब, बैठकीला चला. हे काय धरून उभे राहिलात?"

"बैठक इथेच," इनासबाब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "यंदाचं फेस्त मुलं ठरवतील. कुणाला काही विचारायचं असेल, तर वर रोवेनाला विचारा. मी शिडी धरलीय."