हंबीररावांचं काचेचं कपाट

डाउनलोड केलेली गाणी म्हणजे हंबीररावांच्या लेखी उष्टं खरकटं. त्यांच्या हजारभर सीडी काचेच्या कपाटात ओळीनं लावलेल्या, आणि रोज अंघोळ झाली की देवपूजेच्याही आधी ते एकेक डबी मऊ फडक्यानं पुसत. हार्डडिस्कवर चाळीस हजार गाणी बाळगणारा प्रभुलिंग दारात दिसला, की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत.

"काय रं प्रभ्या, आज किती हवा भरलीस त्या डबड्यात?"

"बंद पडलं काल," प्रभुलिंग मान खाली घालून म्हणाला. "सगळी गाणी गेली, आण्णा."

हंबीररावांना आतून गुदगुल्या झाल्या. "जाणारच की! फुकटचं कधी टिकतंय व्हय? संग्रह कशाला म्हंत्यात ते बघ, ये हिकडं!"

त्यांनी कपाटातली एक डबी काढली आणि झोकात त्याच्यापुढं उघडली. आत सीडी नव्हती. दुसरी उघडली, तीही रिकामी. दहावीपर्यंत एकीतही सीडी निघाली नाही.

"संयोगिता! सीड्या कुटं हायत?"

बायको पिठाचे हात घेऊनच स्वयंपाकघरातून आली. "त्या व्हय? दोन वर्सं झाली की. माझ्या भावानं कागलला न्हेल्या. शाळवाच्या रानात टांगल्यात, उन्हात चमकल्या की पाखरं फिरकत न्हाईत."

"आणि मला सांगाया काय झालतं?"

"तुमास्नी ठावं असंल म्हटलं," ती म्हणाली. "रोज पुसताय, तवा कधीतरी ऐकतबी असाल, असं वाटलं मला."