सोळाचे चौसष्ट

मित्रांनो, हे सांगायचंच नाही असं ठरवलं होतं. ज्याने मला उभं केलं, त्याचीच चूक कशी सांगायची? पण सांगतो.

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. पनवेलला अलीच्या दुकानात असतो. कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसने मला टाकलं, अलीने उचललं. क्लास नाही, काही नाही. नेटवर वाचून वाचून त्याने माझ्यात लिनक्स घातलं, टीव्ही कार्ड बसवलं. मी व्हिडिओ कॅसेट सीडीवर उतरवू लागलो. लोक म्हणायचे, "अलीचा डबा भारी आहे!"

कार्ड चित्रं थेट माझ्या मेमरीत टाकायचं. त्याला जागा ठरलेली, सोळा एमबी. माझी डिस्क मंद. जागा भरली की चित्र अडकायचं. एका गुरुवारी अलीने कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, काढला आणि मर्यादा चौसष्ट करून पुन्हा चढवला. एकदम सुरळीत! पण तो आकडा माझ्या सेटिंगच्या फाइलीत लिहून ठेवला नाही. "चालतंय ना," म्हणाला.

शुक्रवारी सकाळी लोडशेडिंग. वीज आली, अलीने बटण दाबलं, मी उठलो. पुन्हा सोळावर.

दुपारी त्याचा दोस्त एयाल आईला, दिना आंटींना, घेऊन आला. पुढच्या आठवड्यात दोघं कायमची इस्राएलला निघाली होती. हातात एकच कॅसेट. एयालच्या वारलेल्या वडिलांचं, मोझेस अंकलचं, हलतं चित्र तेवढंच उरलं होतं. घरच्या मलिद्याला, म्हणजे ज्यू लोकांच्या नवसाच्या विधीला, ते प्रार्थना म्हणतात, ते.

"बुरशी लागलीय, आंटी. एकदाच चालेल," अली म्हणाला.

"चालव बाबा. ह्यांना एकदा बघू दे मला."

माझ्या स्क्रीनवर अंकल आले. हसले. आणि अडकले. आवाज वेगळ्या वायरीने यायचा, तो चालू राहिला. प्रार्थना ऐकू येत होती, ओठ मिटलेले. थांबवायची सोय नव्हती, कॅसेटची पट्टी सोलवटत चालली होती.

"कॅसेटच खराब आहे, आंटी," अली म्हणाला.

त्या गेल्यावर त्याने माझी सेटिंग उघडली. सोळा. मग तीन दिवस त्याने मला हात लावला नाही.

मित्रांनो, आमच्यात काही बदललंत तर लिहून ठेवा. वीज गेली की आम्ही सगळं विसरतो.

चौथ्या दिवशी एयाल सीडी न्यायला आला.

"यार, कॅसेट नव्हती खराब. मी चुकलो," अली म्हणाला.

एयाल म्हणाला, "आईला वाटतंय तिनेच नीट ठेवली नाही. रोज तेच कपाट पुसत बसते."

अलीने शटरला हात घातला. "आजच येतो घरी. मीच सांगतो तिला, समोर बसून. तू मध्ये बोलू नकोस."